परवाइल्लै आणि पर्वा नाही

अहो,

वीस-बावीस वर्षांपूर्वीचा शुक्रवार होता. तुम्ही सहाच्या बॅचच्या मुलींना टायपिंगच्या मशीनवर बसवलं होतं आणि मी मागच्या अंगणात पाटावर बसून एका मशीनची अक्षरं घासत होते. वाटीत रॉकेल, हातात दात घासायचा जुना ब्रश. इंग्रजी मला कधी आलं नाही, पण गोल पोटाच्या अक्षरांत शाई जास्त साचते एवढं मला तुमच्यापेक्षा बरं ठाऊक होतं. चुलीवर दूध होतं, कॉफीचं डिकॉक्शन थेंब थेंब उतरत होतं, अंगणात सडा घालून झाला होता, कढीलिंब निवडायचा राहिला होता. भिंतीपलीकडे दहा मशीनं एकदम वाजत होती.

त्यातलं एक थांबलं. कुणीतरी मुसमुसलं. मग तुमचा आवाज आला, तमिळमध्ये, "परवाइल्लै मा, परवाइल्लै. पुन्हा घे."

आणि ते मशीन पुन्हा वाजू लागलं.

त्या मुलीचा मला हेवा वाटला. चाळिशीची बाई मी, हाताला रॉकेलचा वास, आणि सतरा वर्षांच्या पोरीचा हेवा! दूध उतू गेलं ते मला वासानंच कळलं.

वर नुसतं 'अहो' लिहिलंय. पुस्तकातल्या बायका 'प्रिय' लिहितात. मी लिहून पाहिलं, मला हसू आलं, मग खोडलं. तुमचं नाव तर चाळीस वर्षांत कधी तोंडातून आलं नाही, आता कागदावर कसं येईल?

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. आज हे लिहितेय, कारण परवा तुमच्या क्लासातली वसंता आली होती. तिनं मला एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून मी तुमच्याशी भांडतेय. मनातल्या मनात भांडून भागेना, म्हणून कागद घेतला.

आधी जुनं भांडण संपवते.

तुम्ही गेलात तेव्हा तेरा दिवस आपल्या दारात माणसं येत होती. बँकेत लागलेले, शाळेत लागलेले, दुबईला गेलेल्यांच्या आया. जो तो तुम्हाला 'सार' म्हणणारा, आणि मला एकच सांगे. "मामी, मी नापास झालो तेव्हा सार म्हणाले, परवाइल्लै. म्हणून मी पुन्हा परीक्षेला बसलो." "मामी, माझं लग्न मोडलं तेव्हा सार म्हणाले, परवाइल्लै मा, उद्या सहाला ये." एक म्हातारा पोस्टमन तर रडलाच. त्याला तुम्ही काय शिकवलं होतं? काही नाही. तो पत्र टाकायला यायचा आणि जाताना एक परवाइल्लै घेऊन जायचा.

मी सगळ्यांना कॉफी दिली. मान हलवली. आतून मात्र जळत होते. अस्क्यांनी, एकूणएक जणांनी, तुमचा शब्द मला परत आणून दिला, उष्टा करून! माझ्यासाठी ठेवलेला असा एकही नव्हता.

नव्हता, यात माझाही हात आहे. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तंजावरच्या तुमच्या आत्यांनी कादंबऱ्यांची पेटी मला दिली, ते आठवतं? "गोदे, आमच्या घरात आता कुणी मराठी वाचत नाही, तू तरी बघ," म्हणाल्या. मला तरी कुठे येत होतं! आपण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली, घरात मराठी बोलणारी माणसं, पण पत्र लिहायचं तर तमिळ अक्षरांत. शेजारच्या मुलीच्या हिंदीच्या पहिलीच्या पुस्तकावरून मी क, ख, ग गिरवलं. दुपारी, तुम्ही झोपल्यावर. पहिली कादंबरी वाचायला मला चार महिने लागले. अर्धे शब्द कळत नव्हते. आपण 'अस्कं' म्हणतो तिथे ती माणसं 'सगळं' म्हणतात, हे कळायला एक आठवडा गेला!

ज्या सकाळी ती संपली, त्या सकाळी तुम्ही कॉफी पीत होता. मी म्हटलं, "झालं. अस्कं पुस्तक वाचून झालं."

तुम्ही डोळे वर केलेत आणि म्हणालात, "पर्वा नाही!"

आता मला कळतं. आपल्या लोकांची रीतच ती. बाहेरचा तमिळ शब्द उंबऱ्यावर पाय धुवून आत येतो आणि मराठी होतो. परवाइल्लै म्हणजे छान जमलं की, वाईट नाही, घाबरू नको, होईल सगळं. तेच तुम्ही घरात 'पर्वा नाही' म्हणून आणलंत. त्याआधी शंभर वेळा म्हणाला होतात, आणि शंभर वेळा मला नीट कळलं होतं. माझे वडीलसुद्धा तसंच म्हणायचे.

पण त्या पुस्तकात, शेवटून तिसऱ्या पानावर, नवरा बायकोला म्हणतो, "मला तुझी पर्वा नाही," आणि निघून जातो. आदल्याच दुपारी त्या पानावर मी रडले होते.

मी म्हटलं, "काय बोलता कळतं का तुम्हाला? आपल्या भाषेत त्याचा अर्थ 'मला काय त्याचं' असा होतो."

"आपल्या म्हणजे कुणाच्या?"

"पुस्तकातल्या."

"मग पुस्तकातल्या नवऱ्याला विचार जा," म्हणालात आणि हसलात.

मी हसले नाही. चार महिने अक्षराला अक्षर जोडून मी डोंगर चढून आले होते, आणि तुम्ही माझी चेष्टा करत होता. संध्याकाळपर्यंत बोलले नाही. रसमात मीठ घातलं नाही, तेही मुद्दाम. तुम्ही गुपचूप खाल्लंत.

त्यानंतर तो शब्द तुम्ही मला कधी म्हटला नाहीत. मराठीतही नाही, तमिळमध्येही नाही. माझ्यापुढे आलात की नुसतं 'हं'. दुसरं पुस्तक संपलं, हं. दहावं संपलं, हं. मला वाटलं, संपला विषय. या माणसाजवळ जगाला धीर द्यायला पोतंभर आहे आणि बायकोसाठी एक हुंकार.

आता वसंता.

चोळपुरमहून पहिल्या बसनं यायची ती वसंता. लांब वेणी, त्यात कनकांबराचा गजरा, हसली की हनुवटीला खळी. टायपिंगच्या हायर, म्हणजे वरच्या परीक्षेत तीन वेळा पडली आणि चौथ्यांदा पास झाली. त्या शुक्रवारी भिंतीपलीकडे मुसमुसली ती तीच. तिला तुम्ही खिडकीजवळचं मशीन दिलं होतंत, वारा लागेल असं. आणि मी घासत होते ती अक्षरं त्याच मशीनच्या जोडीदाराची! आपल्याला मूल नाही, म्हणून तुम्ही त्या मुलींवर जीव लावत होता, हे मला कळत होतं. कळलं म्हणून सोसलं जातं का?

आता ती सरकारी कचेरीत आहे. केस कानाजवळ पांढरे झालेत. परवा दुपारी केळी घेऊन आली, आणि मला नमस्कार करायच्या आधी तुमच्या फोटोपुढे जाऊन उभी राहिली. तेही मला खुपलं. लिहून ठेवते, तुम्हाला कळू दे.

तिची मुलगी मालती बारावीला नापास झाली. नऊ दिवस भिंतीकडे तोंड करून पडली आहे. दोन घास खाते, बोलत नाही, मैत्रिणी आल्या तर दार लावून घेते. वसंता म्हणाली, "तिला एकटं सोडून ऑफिसला जाते मामी, तर जीव तिथेच राहतो. सार असते तर मी तिला धरून इथे आणलं असतं. तुम्ही या ना. दोन शब्द बोला तिच्याशी."

मी काय म्हणाले असेन?

मी म्हणाले, "माझ्याजवळ कुठले शब्द? अस्के तुम्हालाच वाटून टाकले त्यांनी."

तिला वाटलं मी गंमत करतेय. ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. दारात मदत मागायला आलेल्या बाईला मी हे बोलले! मला माझीच लाज वाटली, पण शब्द परत घेतला नाही. बाहेर मंदिराचा हत्ती चालला होता, त्याची घंटा लांब गेली.

मग ती म्हणाली, "मामी, तुम्हाला ठाऊकच नाही?"

"काय?"

"तिसऱ्यांदा पडले तेव्हा सार मला 'पर' म्हणाले आणि थांबले. मी म्हटलं, काय झालं सार? म्हणाले, या शब्दावर आमच्या घरात बंदी आली आहे. मामी म्हणतात, खऱ्या मराठीत ती शिवी आहे!"

तिनं तुमचा आवाज काढला, अगदी हुबेहूब. नाकातून, मान जरा तिरकी करून.

"पुढे म्हणाले, आमच्या मामी पुस्तकं वाचतात, ठाऊक आहे? कुणी शिकवलं नाही. शाळा तिसरीपर्यंत, तीसुद्धा तमिळ. अक्षराला अक्षर जोडून एकट्या शिकल्या. तुझी बोटं चुकली तर सांगायला मी बसलोय. त्यांची चूक सांगायला कोण होतं? चल, बस." वसंतानं डोळे पुसले. "मला एकटीलाच नाही मामी. जी रडायची तिला सार हेच सांगायचे. आम्ही कॉफीच्या वेळी दारातून तुम्हाला बघायचो. परवाइल्लै काय, ते कुणीही म्हणतं. मी चौथ्यांदा बसले ती तुमच्याकडे बघून."

अहो, ही काय रीत झाली?

माझं कौतुक, आणि तेही वसंताला! मी पाच पावलांवर होते. मध्ये एक भिंत. परवाइल्लै म्हणताना तुमचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा, आणि माझ्याबद्दल बोलताना एवढा हळू का केलात? एकदा आत येऊन मला सांगितलं असतंत तर काय झालं असतं? इतकी वर्षं मी त्या मुलींचा हेवा करत होते, त्यांना तुमचा शब्द मिळतो म्हणून. आता कळलं, त्यांना माझ्या वाट्याचेही शब्द मिळत होते! आता कुठे ठेवू हा हेवा? जुना होता तो निदान ओळखीचा होता.

रात्रभर जागले वगैरे काही नाही, मला झोप लागते. पण दुसरं एक आठवलं. माझी आई गेली तेव्हा तुम्ही शेजारी येऊन बसलात. माझा हात हातात घेतलात. तोंड उघडलंत, आणि मिटलंत. मी मनात म्हटलं, बघ, आजसुद्धा या माणसाला काही सुचत नाही. तेव्हा काय अडलं होतं घशात, ते आता मला ठाऊक आहे. मीच अडवलेलं होतं. म्हणायचं होतंत हो! मी काय त्या दिवशी शब्दाचा अर्थ बघत बसणार होते?

तुमच्या मागे मी स्वतःला कसा धीर देते, विचारा. मोठं काही नाही. सकाळी डोळे उघडले की म्हणते, "ऊठ गोदे, दूधवाला येईल." दूधवाला येतो. एवढ्यावर दीड वर्ष निघालं. मशीनं झाकून ठेवली आहेत. समोरच्या रस्त्याला कॉम्प्युटरचा क्लास निघालाय, मुली तिकडे जातात, आणि मी तिण्णैवर, दारच्या ओट्यावर बसून त्यांना जाताना बघते. त्यांचाही हेवा वाटतो, खोटं कशाला सांगू? आपल्या दारात सायकली लागायच्या, आता त्यांच्या दारात लागतात.

वसंता बससाठी निघाली तेव्हा मी फक्त "बघते" म्हणाले. हो म्हणाले नाही. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मला वाटत होतं, हाक मारावी. मारली नाही.

आता वचन देते. हेवा सोडीन असं म्हणत नाही. सुटणार नाही, आणि खोटं वचन तुम्हाला आवडायचं नाही. पण 'माझ्याजवळ शब्द नाहीत' असं दारात आलेल्या माणसाला पुन्हा म्हणणार नाही. तुमचा शब्दही उसना घेणार नाही. तो तुमच्या तोंडी शोभायचा, माझ्या तोंडी पोपटपंची होईल. मला जे येतं तेवढंच करीन.

सुरुवात कालच केली. सकाळच्या बसनं मी चोळपुरमला गेले. वसंता ऑफिसला गेली होती. मालती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिला समजावलं नाही. ऊन फार होतं, बसथांब्यापासून चालत आले होते, घसा कोरडा पडला होता. मी म्हटलं, "मुली, पाणी दे." घरात दुसरं कुणी नव्हतं. थोड्या वेळानं ती उठली आणि पाणी घेऊन आली. मग आम्ही दोघींनी भात लावला.

तुमची,
गोदा