डिंकाने चिकटवलेलं भूत

३ मार्च, सोमवार

लिहून ठेवणं भाग आहे. कारण आज दुपारी दुकान उघडल्यावर जे झालं त्याची संध्याकाळपर्यंत तीन वर्णनं माझ्या कानावर आली, आणि तिन्हींत मी किंचाळले असं आहे. मी किंचाळले नाही. किंचाळली ती दातांची डॉक्टरीण.

झालं ते असं. डॉक्टरीणबाई शिवलेला हिरवा कोट न्यायला आल्या. अंगात घातला, आरशासमोर उभ्या राहिल्या, कॉलर वर केली – ती त्यांची सवय – आणि आरशावरच्या फळीकडे नजर गेली. फळीवर आमची बाहुली बसलेली असते. तिच्याही अंगात हिरवा कोट! तेच कापड. कॉलर वर केलेली. मधलं बटण डॉक्टरीणबाईंसारखंच उघडं.

ही बाहुली सासऱ्यांनी केलेली. लाकडी डोकं, कापसाचं अंग. नवा बेत गिऱ्हाइकाला दाखवायचा तर आधी तिच्या अंगावर शिवून दाखवायचे, म्हणजे कापड वाया जात नाही. म्हणून ती नमुनाबाई. सासरे गेल्यापासून एकाच तपकिरी झग्यात बसून आहे. तिला कोणी हात लावत नाही. म्हणजे असं मी समजत होते.

वन्सं गल्ल्याशेजारच्या खुर्चीत होत्या. म्हणाल्या, "थंडी वाजली असेल हो तिला."

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या भगिनी. लग्न केलं नाही. यजमान मापं घ्यायचे, वन्सं कापायच्या आणि शिवायच्या, मी हिशेब आणि शिस्त. यजमान गेले. गेल्या वर्षापासून वन्संचे हात कापतात. एका नवऱ्यामुलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या, तेव्हा मी त्यांना मशीनवरून उठवून खुर्चीत बसवलं. तेव्हापासून कापणं-शिवणंही माझ्याच गळ्यात. दुसरं काय करणार?

गिऱ्हाईक गेल्यावर बाहुलीचा कोट काढून उलटा करून पाहिला. टीप नाही! एकही टाका नाही. सगळा कोट डिंकाने चिकटवलेला.

म्हणजे आमच्यापैकी कोणी नाही. शिंप्याच्या घरातलं माणूस उपाशी राहील, पण कापडाला डिंक लावणार नाही.

४ मार्च

संशय काजबाईवर. ती रोज येते, काज करते, बटणं लावते, आणि तोंड हातापेक्षा जोरात चालवते. सरळ विचारलं.

"अहो बाई, मी काज करते, करणी नाही करत!" कमरेवर हात. "आणि डिंक? माझ्या सात पिढ्यांत कोणी डिंक नाही वापरला!"

तिच्या सात पिढ्या मला माहीत नाहीत. पण डिंकाचं तिला खरंच लागलं. सोडून दिलं.

६ मार्च

आज बाहुली आमच्या गिऱ्हाइकांतली मुख्याध्यापिका झाली आहे. निळा स्कर्ट, तारेचा चष्मा, आणि एक हात वर – वर्ग गप्प करावा तसा. दुकान बंद करून आम्ही जेवायला मागच्या खोलीत जातो, वामकुक्षी होते, दुकान उघडतो. तेवढ्यात हे होतं. म्हणजे आमचं भूत दुपारचं येतं. जेवून.

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा काल जिन्यात पाय मुरगळला. झालं! काजबाईने गावभर केलं की नमुनाबाई जिचा वेश घेते तिचं काहीतरी होतं.

मी म्हटलं, "उंच टाचा घालून जिना उतरलं की बाहुली नसली तरी पाय मुरगळतो."

"तुम्ही शिकलेल्या," काजबाई म्हणाली. शिवी दिल्यासारखं.

८ मार्च

लेकीचा फोन. घर लावून ठेवलंय म्हणाली, माझी खोली पूर्वेची. महिनाअखेरीला जायचं. दुकानाची जागा फोन-दुरुस्तीवाल्याला द्यायचं पक्कं झालं आहे. माझेही गुडघे आता कटिंगच्या टेबलाशी उभं राहू देत नाहीत.

"आणि आत्या?" तिने विचारलं.

"त्यांची सोय काकाकडे करते आहे. तुझ्याकडे जागा किती ती! तू मध्ये पडू नकोस."

"आई, मी अजून काही बोललेच नाही."

"मग बोलू नकोस."

धाकट्या दिरांकडे जिन्याखाली एक खोली आहे. जावेला विचारलं तर म्हणाली, "बघू." तिच्या 'बघू'वर आमच्या घराण्यात आजवर काही उगवलेलं नाही. पण दीर ऐकतील.

वन्संना अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ पाहून सांगेन.

११ मार्च

मुख्याध्यापिकांना हवी होती ती बदली मिळाली! पेढे घेऊन सांगायला आल्या आणि जाताना बाहुलीला चक्क नमस्कार केला. शिकलेल्या बाई. मी चष्मा पुसत राहिले.

नंतर फोनवाला भिंतींची मापं घ्यायला आला. वन्संना सांगितलं, नवी फळी मारायची आहे. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे वाक्य दोनदा बोलले.

फोनवाला टेप ओढता ओढता थांबला. "काकू, ही माझ्याकडे बघतेय."

"बघणारच," वन्सं खुर्चीतून म्हणाल्या. "मापं घ्यायला येतो त्याच्याकडे ती बघतेच."

तो उरलेली भिंत न मापताच गेला.

१२ मार्च

बाहुली आज फोनवाला. गळ्यात टेप, विजार घसरलेली. काजबाई हसून हसून सुई हरवून बसली. मला हसू आलं नाही. फारसं.

१४ मार्च

सापडलं!

संध्याकाळचा चहा. गेलं वर्षभर वन्सं कप उचलतात आणि अर्धा चहा बशीत येतो. मी पाहिलं न पाहिलं करते, फडकं जवळ ठेवते. आज कप उचलला, प्यायल्या, थेंब सांडला नाही. मला बरं वाटलं. मग कप खाली ठेवायला गेल्या – तर कप हात सोडेना! बोटाला कपाचा कान चिकटलेला. दुसऱ्या हाताने ओढला. बशीही बरोबर आली.

"साखर जास्त झाली वाटतं," वन्सं म्हणाल्या.

मी तोंडातला चहा कसाबसा गिळला. इतके दिवस सगळ्या गावावर संशय घेतला, अगदी समोरच्या चष्मेवाल्यावरसुद्धा. पण वन्सं आणि डिंक ही जोडी माझ्या डोक्यात शिरलीच नाही. ज्यांनी एकदा मला बाहीची शिवण टाचणीवर सोडली म्हणून आठवडाभर 'टाचणीबाई' म्हटलं, त्या वन्सं!

टाके सरळ येत नाहीत म्हणून डिंक. एवढं साधं.

१५ मार्च

खात्री करून घेतली. जेवल्यावर "पडते जरा" म्हणून उठले आणि दुकानात जाऊन ट्रायलच्या पडद्यामागे उभी राहिले. या वयात! पाय दिसू नयेत म्हणून स्टुलावर चढले.

वन्सं आल्या. फळीवरून काठीने ढोसून बाहुली खाली झेलली – सरावलेल्या चोरासारखी. गुडघ्यांत धरली. कातरणाच्या टोपलीत हात घातला. आणि बोलायला लागल्या.

"नीट उभी राहा. पोक काढू नकोस. गिऱ्हाइकाला उद्या म्हटलं की उद्या! परवा हा शब्द या दुकानात नाही!"

माझा आवाज! हुबेहूब, शेवटची नाकातली खेचसुद्धा. मग बाहुलीच्या वतीने बारीक आवाजात, "हो वहिनी. चुकलं वहिनी."

मी पडद्याचा बोळा तोंडात धरला. रागाने धरला असं लिहायला हवं.

हात कापतच होते. पट्टी जागेवर बसेपर्यंत तीनतीनदा निसटत होती. घाई नव्हती त्यांना. चेहरा असा की मी त्यांना खुर्चीत बसवल्यापासून तो पाहिला नव्हता.

१७ मार्च

कातरणाच्या टोपलीत वरच तांबड्या मखमलीचा तुकडा ठेवला आणि कपाटात डिंकाची नवी बाटली. जुनी तळाला गेली होती.

दुपारनंतर बाहुली मखमलीत. कोणाचाच वेश नाही, नुसती मिरवते आहे. वन्संनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही. दोघींनी मिळून काजबाईला म्हटलं, "अगंबाई!"

माझं 'अगंबाई' जरा सरस झालं.

२० मार्च

कमाल आहे. बाहुलीने आपला वेश घ्यावा म्हणून बायका आता कपडे शिवायला टाकतात. विमाकचेरीतली येऊन कानात सांगून गेली, "माझाच वेश आधी घ्यायला लावा ना तिला. बढती अडली आहे."

"ती कोणाचं ऐकत नाही," मी गंभीरपणे म्हटलं.

"तुमचंसुद्धा?"

"माझं तर मुळीच नाही," मी म्हणाले, आणि मागे वन्संना ठसका लागला.

२२ मार्च

दिरांचा फोन. जिन्याखालची खोली रिकामी करतो म्हणाले. मागून जावेचा आवाज: "मशीनबिशीन आणायचं नाही म्हणावं. आणि चिंध्या तर नकोतच."

सोमवारी वन्संना सांगायचं.

२४ मार्च

सांगितलं नाही. गिऱ्हाईक होतं.

२५ मार्च

गिऱ्हाईक नव्हतं. तरी नाही. सकाळी तोंड उघडलं तर वन्संच म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या करड्या कोटाचं अस्तर फाटलंय. प्रवासात थंडी लागेल."

"कसला प्रवास?"

"कुठलाही," म्हणाल्या. आणि पेपर वाचायला घेतला. उलटा.

२७ मार्च

दुपारी दुकान उघडलं. काजबाई आधी आत गेली आणि तशीच बाहेर आली. रडत.

बाहुली म्हणजे मी. करडा कोट. तारेचा चष्मा. करड्या दोऱ्याचा आवळलेला अंबाडा. कपाळावर खडूने काढलेली आठी – तीही बरोबर डावीकडे. हातात चिमुकली पिशवी. आणि ती आज गिऱ्हाइकाकडे बघत नव्हती. दाराकडे तोंड करून उभी होती. निघालेली.

"बाई, आता तुमचं काहीतरी होणार हो!" काजबाई.

"काही होत नाही. काज कर."

वन्सं खुर्चीत झोपल्या होत्या. किंवा डोळे मिटून होत्या. झोपलेल्या माणसाचा पाय असा हलत नाही.

माहीत आहे त्यांना. फोनवाल्याने भिंत मापली तेव्हापासूनच असणार. आणि मी नवी फळी सांगत बसले!

२८ मार्च

दिवसभर त्या टीचभर बाईने मला पाठ दाखवली.

२९ मार्च

वन्सं आंघोळीला गेल्या तेव्हा बाहुली खाली काढली. कोट काढून टाकायचा, हसं पुरे, असं ठरवून. पिशवीचा डिंक सुटला आणि आतून काहीतरी टेबलावर पडलं. घडी घातलेलं.

एप्रन. खाकी, दोन खिशांचा. वन्संचा. मशीनवरून उठवलं तरी रोज सकाळी अंगावर चढवतात तो. बाहुलीच्या मापाचा, घडी केली की अंगठ्याएवढा.

सवयीने उलटा करून पाहिला. डिंक नाही. शिवलेला आहे. वाकडेतिकडे टाके, काही उसवून पुन्हा घातलेले, एका खिशाशी दोऱ्याची गाठच झालेली. एका जागी तपकिरी ठिपका. सुई टोचलेली.

सगळ्या गावाचे कपडे चिकटवले त्यांनी. हा एकच शिवला. आणि माझ्या पिशवीत ठेवला.

घडी होती तशी घातली. पिशवी बंद करायला डिंक लागला, तो मी लावला.

मग लेकीला फोन केला. "पूर्वेच्या खोलीत खाटा किती मावतात?"

"दोन आधीच टाकून ठेवल्यात," ती म्हणाली. "तूच म्हणालीस, बोलू नकोस."

दिरांना कळवलं. पलीकडून जावेचा 'बघू' आला नाही. "बरं झालं" आलं, स्पष्ट.

३१ मार्च, सोमवार

आज दिलं ते असं.

फोनवाल्याला: दुकानाच्या किल्ल्या, आरसा, फळी. त्याने फळीकडे पाहिलं आणि घाबरत विचारलं, "ती कुठंय?" वन्सं म्हणाल्या, "गेली. आपल्या पायांनी." त्याने किल्ल्या घेतल्या, पण आत पाऊल टाकलं नाही.

काजबाईला: दोन्ही मशिनं आणि सात पिढ्यांची माफी.

वन्संना: गाडीचं तिकीट, खिडकीजवळचं. हातात दिलं, तर थरथरून खाली पडलं. उचलून पुन्हा दिलं. "डिंक लावून देऊ का?" मी विचारलं.

नमुनाबाई कोणालाही दिलेली नाही. माझ्या पिशवीत आहे, खाकी एप्रन घालून.