लॉबीसाठी मागितलेला नकाशा

सर, आधी माझ्या हातून झालेलं सांगतो. एका जुन्या दाराचं ड्रॉइंगचं टेबल. मुलीच्या शाळेसाठी कागदाच्या लगद्याची आफ्रिका, किलीमांजारोसकट. आणि अटलांटाच्या दक्षिणेकडच्या, काळ्या लोकांच्या एका वस्तीचा नकाशा, शाईनं, दोन फूट बाय तीन. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. फक्त रेघ तुमची.

भूगोलाच्या तासाला तुम्ही फळ्यावर आफ्रिका एका दमात काढायचात, खडू न उचलता. कडेनं बंदरं, आत दोन-तीन नद्या, उरलेलं पोट मोकळं. याला अंधारं खंड का म्हणतात, असं विचारलंत, तेव्हा मी उठून म्हणालो, आत कुणी गेलं नव्हतं म्हणून. तुम्ही शाब्बास म्हणालात. आत राहणाऱ्यांचं काय, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मी इथे अटलांटात प्रिंटिंगच्या दुकानात नकाशे छापतो. तिथे त्या वस्तीतल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. वस्ती ओसाड ठरवून बिल्डरला द्यायचं पालिकेत चाललं होतं. सुनावणीत दाखवायला त्यांना स्वतःचा नकाशा हवा होता. मी काढतो म्हणालो. अल्फारेटा या उत्तरेकडच्या उपनगरातले आपले मराठी लोक पोहे खाता खाता म्हणाले, त्या भागात जातोस तर गाडी लॉक करत जा यार. मीही पोहेच खाल्ले.

पाडलेल्या घरांच्या जागा मी पांढऱ्या सोडल्या. सर्व्हेची रीतच तशी, बांधकाम नाही तर काही नाही. बाईंनी चष्मा लावला.

“हनी, इथे कुणी नाही असं तुला कोणी सांगितलं?”

आता तरी कुणी राहत नाही ना, मी म्हणालो.

“म्हणजे मी मेले की माझीही जागा पांढरी?”

मग शनिवारमागून शनिवार त्यांनी मला त्या गवतातून फिरवलं. इथे चर्चची गाणी बसवायचे. इथे अख्ख्या गल्लीच्या वेण्या घातल्या जायच्या. हे पेकानचं झाड ज्याचं, तो डेट्रॉइटहून अजून टॅक्स भरतो. तिथले लोक म्हणतात तीच नावं मी लिहिली, एकही पांढरा चौकोन ठेवला नाही.

गेल्या वर्षी, दोन हजार सहाच्या सुनावणीत पालिकेचे साहेब म्हणाले, सुंदर आहे, भिंतीवर लावण्यासारखा. आणि सर्व्हेचा कागद उघडला. मतदानाला हात वर झाले, संपलं. आता तिथे बुलडोझर फिरतात. बाई मुलीकडे ओहायोला गेल्या; जाताना नकाशा मलाच देऊन गेल्या, त्यांच्याकडे तेवढी भिंत नाही म्हणून.

सर, बिनचूक काढलं की समोरच्याला मानावंच लागतं, असं मी तुमच्याकडून धरून चाललो होतो. तसं नसतं. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, हे पाठवायचं तरी कुठे?

एक गोष्ट बायकोलाही बोललेलो नाही. परवा बिल्डरचा माणूस दुकानात आला होता. नव्या इमारतीच्या लॉबीत फ्रेम करून लावायला त्याला तोच नकाशा हवा होता. लोकांना जुन्या वस्तीच्या आठवणी आवडतात, म्हणाला. मी नाही म्हणालो. बारा हजार डॉलर देत होता.