इंजिन थांबलं नव्हतं

कोपनहेगन,
१४ जून १९५३, रविवार, सकाळचे सात

प्रिय माग्नाताई,

बुटांना पॉलिश लावून ठेवलंय. ते वाळेपर्यंत तुला लिहितो. तू, भावजी, गाई सगळी खुशाल ना? बाबांची पाठ कशी आहे? रविवारी पॉलिश कशाला, हे आत्ताच विचारू नकोस.

आधी कामाचं. जूनअखेरपर्यंत कारखान्यात कायम झालो नाही तर मुकाट्यानं शेतावर परतायचं, ही बाबांची अट तुला ठाऊकच आहे. सगळं परवाच्या एका चाचणीवर अडकलं होतं.

आमचं यंत्र हादरे मोजतं. आमचे वरिष्ठ लिंद साहेब सांगतात, त्यांच्या तरुणपणी ते विटेएवढं असायचं, आत कोळशाच्या चकत्यांची चळत. पुढे एका क्षाराचे स्फटिक आले, पण ते दमट हवेत बिघडायचे. आता आम्ही चिनी मातीसारखी भाजलेली चकती वापरतो. तिच्यावर छोटं वजन बसवलेलं असतं. यंत्र हललं की वजन चकतीला दाबतं आणि चकतीतून वीज निघते. जेवढा हिसका, तेवढी वीज. सगळं मिळून अक्रोडाएवढं! चकत्या बोदिल नावाची मुलगी बसवते. तिचा हात फार स्थिर आहे.

परवा हे अक्रोड एका फेरीबोटीच्या इंजिनावर लावायचं होतं. कारखान्यात आम्ही मधमाशांच्या मेणानं चिकटवतो, तसंच मी तिथेही चिकटवलं. वायरी, वीज मोजायचा डबा, त्यावरचा काटा, सगळं पुन्हापुन्हा तपासलं, पण इंजिन तापतं हे काही डोक्यात आलं नाही. बोट बंदराबाहेर पडली. काटा छान नाचत होता, तो एकदम शून्यावर येऊन बसला.

मी ओरडलो, "इंजिन बंद पडलं!"

तिथले म्हातारे इंजिनवाले बाले काका पाव खात होते. म्हणाले, "असं? मग आपण काय वल्ही मारत चाललोय?"

मेण वितळून यंत्र वायरीला लोंबकळत होतं. सोबत आलेले लिंद साहेब वाकून ते बघू लागले. मी म्हटलं, "चूक माझी. आता स्क्रूनं बसवतो."

"माझ्या इंजिनाला भोक? आधी तुझ्या टाळक्याला पाडतो!" काका गरजले. मग माझा चेहरा बघून त्यांनीच इंजिनावरची पितळी पाटी काढली. "घे. हे भोक तयार आहे. पाटी परत लावताना सरळ लाव."

स्क्रूचे आटे त्यात जुळले! काटा नाचू लागला, आणि जरा जास्तच नाचला. काकांचा पाव हातातच राहिला. बंदरात परतल्यावर इंजिनाचं झाकण उघडलं, तर आतल्या बेअरिंगचा बोल्ट सैल; म्हणून काटा एवढा नाचत होता.

"पोराला ठेवून घ्या," काका साहेबांना म्हणाले, "मेण तेवढं त्याच्याकडून काढून घ्या."

ताई, मी कायम झालो!

हे सांगायला बोदिलकडे धावलो, आणि सांगता सांगता भलतंच, म्हणजे लग्नाचंच, विचारून बसलो.

ती म्हणाली, "हे विचारायच्या आधी तू वर्षभर तपासत बसशील असं वाटलं होतं मला."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे हो, वेड्या!"

आज तिच्या आईकडे जेवायला जायचंय. हसू काही आवरत नाही.

कापणीला येईन. राहायला नाही, आणि एकटाही नाही. बाबांना तूच सांग; जेवण झाल्यावर, पाइप पेटला की.

जिच्यावर आजवर एकटीनं माझी काळजी वाहायची वेळ आली, आणि जिच्या जोडीला आता आणखी एक जण आली आहे, त्या ताईचा,

थोर्किल