शेवटच्या टोकाचं पाणी

३ एप्रिल, सकाळी ६.१५
आजपासून रोजनिशी. पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होऊन अकरा वर्षं झाली, पण लिहिण्यासारखं आत्ता कुठे घडतंय. शहराच्या पाण्यावर सेन्सर बसला. पाण्यात क्लोरीन किती ते दर पाच मिनिटांनी मोजतो आणि आकडा थेट माझ्या मोबाइलवर. हिरवा म्हणजे पाणी पिण्याजोगं, लाल म्हणजे नाही. सलग तीस दिवस हिरवा दिसला तर राज्याच्या पाणी परिषदेत प्रेझेंटेशन मी करायचं, असं मोठे साहेब म्हणालेत.

सेन्सर मुद्दाम शेवटच्या टोकाला लावलाय. खालच्या वस्तीतली शेवटची गल्ली, पाणी तिथं सगळ्यात शेवटी पोचतं. तिथं चांगलं तर सगळीकडे चांगलं. कल्पना माझी. (आधी लॅबवाल्या बाईंनी सुचवली होती, पण नीट मांडली नव्हती.)

त्याच गल्लीत शेवटचं घर ताईचं. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. आता तिचं पाणी मी घरबसल्या बघणार.

संकल्प : १. रोज व्यायाम. २. रोज लिहिणे. ३. कुणावर चिडायचं नाही.

५ एप्रिल
लाल. व्यायाम झाला नाही.

६ एप्रिल
लाल. मोबाइल इतका कोकलतो की बायकोने तो उशीखाली कोंबला. आमच्या फिटरला सगळे ‘पाना’ म्हणतात, कारण कमरेचा पाना तो जेवतानाही काढत नाही. त्याचं म्हणणं, साहेब, खालची लाइन गटारातून जाते. आपण दिवसाआड पाणी सोडतो. मधल्या दिवशी पाइप रिकामा पडतो आणि फटीतून गटाराचं पाणी आत ओढतो. म्हटलं, पाइप म्हणजे काय सरबताची नळी आहे? लॅबवाल्या बाई हसल्या नाहीत. बाईंना विनोद कळत नाही.

८ एप्रिल
सेन्सर कंपनीचा माणूस येऊन गेला. म्हणाला, सेन्सर नाजूक आहे, त्याला सतत वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. कोरडा पडला तर कामातून गेला, वॉरंटीही मिळणार नाही.

म्हणजे दोष पाण्यात नव्हताच, जागेत होता! इतकी साधी गोष्ट, आणि आम्ही पाच दिवस पाण्यावर संशय घेत बसलो.

पानाकडून सेन्सर उचलवला आणि ऑफिसच्या आवारातल्या मोठ्या टाकीपाशी लावला. तिथं चोवीस तास पाणी असतं, क्लोरीनही तिथंच पडतं. पानाने दोनदा विचारलं, साहेब, नक्की इथंच? म्हटलं, आधी यंत्र जगू दे, मग ते पाणी मोजेल.

मोबाइलवर जागेचं नाव ‘शेवटचं टोक’ असंच आहे. ते बदलायला वेगळा अर्ज लागतो. आणि पाणी तेच की. टाकीतून निघतं तेच टोकाला पोचतं.

दुपारी ३.१० : हिरवा. ३.१५ : हिरवा. ३.२० : हिरवा. डोळे भरून आले.

११ एप्रिल
हिरवा. दिवस चौथा.

गॅस सिलिंडर पुन्हा तेवीस दिवसांत संपला. घरात माणसं दोन! मी साडेसहाला उठतो तेव्हा ओट्यावर मोठं पातेलं झाकलेलं असतं. त्यात ही पहाटे काय शिजवते देव जाणे, कारण ताटात तर काही दिसत नाही. घरात लक्ष घालायला हवं.

१४ एप्रिल
लॅबवाल्या बाई केबिनमध्ये. हातात काचेची नळी. त्यांची जुनी पद्धत : नळाचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. शेवटच्या गल्लीत रंगच येत नाही म्हणे. नळी माझ्या नाकासमोर धरली. पाणी पांढरं. तळाशी काहीतरी काळं, केसाएवढं, हलत होतं. वाऱ्याने असेल.

मी शांतपणे मोबाइल दाखवला. बाई म्हणाल्या, सर, सेन्सर टाकीपाशी आहे. म्हटलं, बाई, तुमचं काम डोळ्यांचं, हे काम यंत्राचं. रजिस्टरमध्ये ‘रंग नाही’ ऐवजी ‘अत्यंत फिकट पिवळा’ लिहायला सांगितलं. त्यांनी ‘रंग नाही’ लिहून खाली तारखेसकट सही केली.

बाई आजकाल माझ्या बायकोबरोबर सकाळी फिरायला जातात. काय बोलत असतील?

१७ एप्रिल
खालच्या वस्तीत सभा. विषय : पाण्याला वास येतो. वास मलाही आला, पण तो गल्लीचा असावा. बोलत बसण्यापेक्षा करून दाखवावं. पिशवीतून घरची बाटली काढली, सगळ्यांसमोर घटाघट प्यायलो. म्हटलं, अकरा वर्षं मी खात्याचंच पाणी पितोय, न गाळता, न उकळता! एक दिवस पोट दुखलं नाही. मीच तुमचा पुरावा.

टाळ्या पडल्या. एका म्हातारीने टाळी वाजवली नाही. म्हणाली, आमच्या नळाचं पी ना बाबा. म्हटलं, आज तुमची पाण्याची पाळी नाही, आजी. असती तर प्यायलो असतो.

खरंच प्यायलो असतो.

२० एप्रिल
ताईकडे गेलो. बघतो तर शेगडीवर पाणी उकळतंय! खात्याच्या इंजिनिअरची सख्खी बहीण पाणी उकळून पिते म्हटल्यावर शेजारीपाजारी काय म्हणतील? दिव्याखाली अंधार. ती म्हणाली, अरे, पहिल्या दोन बादल्या काळ्या येतात. तिला मोबाइलवरचा हिरवा दिवा दाखवला. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिला. म्हणाली, माझ्या नळाचा आहे का रे हा? ‘शेवटचं टोक’ हे नाव दाखवलं. मग तिने गॅस बंद केला. म्हणाली, तू सांगतोस म्हणजे बरोबरच असणार.

तिचा एवढा विश्वास आहे माझ्यावर. परत येताना फार बरं वाटलं.

२४ एप्रिल
हिरवा. दिवस सतरावा. प्रेझेंटेशनच्या पंधरा स्लाइड तयार. सोळावी माझ्या फोटोची.

ताईने फोनवर सांगितलं, तिने उकळणं सोडल्यावर गल्लीतल्या बाकीच्यांनीही सोडलं. साहेबाची बहीण पिते तर आपणही पिऊ, असं म्हणतात. याला म्हणतात जनजागृती. स्लाइड वाढवली.

२८ एप्रिल
वस्तीतल्या औषधवाल्याचा फोन. जुलाबाच्या गोळ्या संपल्या, मीठ-साखरेच्या पुड्याही संपल्या, पाण्याचं काही आहे का? उन्हाळा आहे, म्हटलं. लोक उघड्यावरचं खातात.

पाना चार दिवस कामावर नाही. तोही वस्तीतच राहतो. बिनपगारी करावा का?

३० एप्रिल
हिरवा. आकडा तीन आठवड्यांत जागचा हलला नाही, दशांशसुद्धा नाही. एवढं स्थिर पाणी कुणी पाहिलंय?

बाई म्हणाल्या, दवाखान्यात वस्तीतली एकोणीस माणसं आहेत, सात लहान मुलं. मी पाणी बंद करून टँकर पाठवावेत. म्हटलं, कुठल्या आधारावर? मोबाइलवर हिरवा असताना पाणी बंद केलं तर उत्तर मी द्यायचं. आता सातच दिवस राहिलेत. म्हणजे, सात दिवसांनी निवांत बघता येईल.

पाण्याच्या बाटल्यांचा ट्रक वस्तीच्या दिशेने जाताना दिसला. कुणाचा ते कळलं नाही.

३ मे
पाना आला. कंबर रिकामी, पाना लावलेलाच नव्हता. गाल बसलेत. बिनपगारीचा विषय काढला नाही. म्हणाला, साहेब, धाकटीला सलाइन लावलंय. सेन्सर मी हलवला ना, माझ्या हातांनी. मी म्हटलं, अरे, त्याचा याच्याशी काय संबंध?

तो उभाच राहिला. शेवटी मीच बाहेर गेलो.

जेवण गेलं नाही. उकाडा आहे.

५ मे
ताईने तीनदा फोन लावला. मीटिंगमध्ये होतो.

६ मे, सकाळी ११.००
ताई दवाखान्यात. शेजाऱ्यांनी नेली. कॉट नव्हती, व्हरांड्यात गादीवर आहे. तिच्या हाडांवर नुसती कातडीच उरलीय हे मला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पाणी फार गेलंय शरीरातलं, मूत्रपिंड साथ देतायत का ते दोन दिवसांत कळेल. मग विचारलं, तुम्ही पाणीखात्यातले ना? मी नाही म्हणालो.

ओळीने गाद्या. सगळी शेवटची गल्ली. ती म्हातारी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. हाक मारली नाही.

ताईने पाणी मागितलं. मी बाटली उघडून पुढे केली. तिने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. मग शेजारच्या अनोळखी बाईच्या पेल्यातून प्यायली.

दुपारी ४.००
वस्तीचं पाणी बंद केलं. टँकर सांगितले. साहेबांचा फोन आला, एकच दिवस राहिलाय, घाई कसली? म्हटलं, सर, माझी बहीण आहे. ते म्हणाले, मग आधी बोलायचं ना.

संध्याकाळी ६.३०
घरी बायकोला म्हटलं, पण मला कसं काही झालं नाही? मी तर अकरा वर्षं हेच पितोय. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली. म्हणाली, अहो, तुम्ही एक दिवसही ते प्यायला नाहीत. मी रोज पहाटे उठून उकळते. गार करून तुमची बाटली भरते.

विचारलं, कधीपासून? तर नोकरी लागली त्या आठवड्यापासून. म्हणाली, रोज जेवताना तुम्ही ऑफिसात काय काय झालं ते सांगता. ते ऐकल्यावर न उकळता कोण पिईल?

सांगितलं का नाहीस, म्हटलं. म्हणाली, दोनदा सांगितलं होतं. तुम्ही बोलत होतात.

म्हणजे सभेत मी जे प्यायलो...

७ मे, सकाळी ५.४०
दिवस तिसावा. हिरवा. साहेबांचा अभिनंदनाचा मेसेज.

ताईचं काही कळलं नाही. डॉक्टर आठला येतात.

पहाटे बायकोच्या आधी उठलो. ताईसाठी पाणी न्यायचं होतं. मोठं पातेलं भरलं, गॅस पेटवला, समोर उभा राहिलो. बुडबुडे आले. पण त्यानंतर किती वेळ उकळत ठेवायचं ते माहीत नव्हतं. आत जाऊन बायकोला उठवलं आणि विचारलं.