दोरी कुणाच्या भरवशावर ओढायची

५ जाने., सोम.
कारखान्यात जपानी दुभाषी म्हणून इंटर्नशिपचा तिसरा महिना सुरू. आज सकाळच्या सभेत आमच्या जपानी साहेबांनी, इशिदा सानांनी, पिवळी दोरी दाखवली. असेंब्लीच्या टेबलांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत टांगली आहे. म्हणाले, काही खटकलं की ओढा, लाइन थांबेल, कुणी रागावणार नाही, उलट मी आभार मानीन. मी मराठीत सांगितलं. झकास सांगितलं, माझं मलाच वाटलं. बायका ऐकून घेत होत्या, पण चेहऱ्यावरची माशी हलेना.
सुपरवायझर मागे हाताची घडी घालून उभा.

६ जाने., मंगळ.
कर्जतहून येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये वंदनाताई खालापूरला चढतात, माझ्या शेजारी बसतात. गाडीच्या दारातल्या क्लिपा बसवायच्या टेबलावर असतात, ठेकेदाराच्या हजेरीवर. नवऱ्याची कंबर गेल्यापासून घर त्यांच्यावरच. आज विचारलं, "दोरी खरंच वडली तर चालंल का गं? वरडणार तर नाय ना कोण?"
मी म्हटलं, ताई, साहेब स्वतः बोललेत, मी काय मनचं सांगते का?
"मंग ठीक हाय. तुज्या भरवशावर."

९ जाने., शुक्र.
आठवडा संपला, दोरीला एकानंही हात लावला नाही. एचआरचे पाटील सर खूश. इ. सान काळजीत. त्यांच्या तिकडच्या कारखान्यात म्हणे दिवसातून कितीदा तरी ओढली जाते; एकदाही ओढली नाही म्हणजे काहीतरी लपवलं जातंय. हे मी पाटील सरांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना सांग, आपल्याकडं सगळं सुरळीत आहे." सांगितलं. इ. सान म्हणाले, सोऽ देस् का. असं का, एवढंच. मान खाली घालून निघून गेले. त्यांना पटलं नव्हतं हे मला कळलं, पाटील सरांना नाही. दोघांच्या मधे उभं राहायचं म्हणजे हेच.

१३ जाने., मंगळ.
वं.ताईंनी दोरी ओढली!
क्लिपा नेहमीपेक्षा ढिल्या बसतायत असं त्यांना वाटलं. दिवा पेटला, लाइन थांबली, सगळ्या जणी एकमेकींकडे बघत राहिल्या. इ. सान धावत आले. क्लिपा मोजल्या, तपासल्या. काहीच दोष नाही. माल व्यवस्थित. खाली ट्रक भरायचा थांबलेला, सुपरवायझरचं तोंड लाल.
आणि इ. सान वं.ताईंसमोर कमरेत वाकले. म्हणाले, दोष नसतानाही थांबवलंत, हे जास्त अवघड असतं, धन्यवाद. मी ते मराठीत मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, मागच्या टेबलापर्यंत जावं म्हणून. ताई पदराशी चाळा करत, "अगं पण काय झालंच नव्हतं ना," म्हणत राहिल्या.
बसमध्ये बायका त्यांना चिडवत होत्या, जपानी साहेब पाया पडला म्हणून. मीही हसले.

१९ जाने., सोम.
वं.ताई बसला नव्हत्या. त्यांच्या टेबलावर चौक गावाकडची एक नवी मुलगी. सुपरवायझर म्हणाला, ठेकेदाराला विचार. ठेकेदार फोनवर म्हणाला, माणसं बदलत असतात मॅडम, तुम्ही तुमचं जपानी बघा.

२० जाने., मंगळ.
पाटील सरांच्या केबिनमध्ये गेले. ते ओरडले वगैरे नाहीत. चहा मागवला. म्हणाले, बाळा, उद्या दहा जणी ओढतील, ट्रक काय जपानी साहेब भरणार? ते दोन वर्षांत परत जातील, आपल्याला इथंच राहायचंय. मग सहज बोलल्यासारखं, तुझं सर्टिफिकेट मार्चमध्ये ना?
इ. सानांना सांगू का, असं विचारायची हिंमत झाली नाही.
संध्याकाळी पुण्याला आमच्या जपानीच्या बाईंना फोन केला. त्यांचं एकच. दुभाष्यानं पदरचं घालायचं नाही, कुणाचं गाळायचं नाही. मी म्हटलं, बाई, पण ज्याबद्दल कुणी बोलतच नाही, त्याचं काय? त्या म्हणाल्या, ते मी तुला शिकवलेलं नाही.

२२ जाने., गुरु.
इ. सानांनीच विचारलं, वंदना सान कुठे आहेत? पाटील सर शेजारी. म्हणाले, सांग, घरी अडचण आहे.
सांगितलं. शब्दाला शब्द. पदरचं काही नाही. किती शरम वाटली.
इ. सानांनी ड्रॉवरमधून बिस्किटांचा खोका काढला, नव्या वर्षाला गावी गेले होते तेव्हा तिथून आणलेला, कागदात सुरेख गुंडाळलेला. दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. वंदना सानांना द्या, अडचण लवकर दूर होवो म्हणावं.

२४ जाने., शनि.
खालापूरला वं.ताईंकडे गेले. खोका दिला. त्यांनीही दोन्ही हातांनीच घेतला, मी दिला तसा. उघडला नाही, टीव्हीवर ठेवला. मला चहा, नवऱ्याला चहा. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं. त्या म्हणाल्या, "तुज्यामुळं कशाला? मला वाटलं ढिल्या हायत, म्हणून वडली."
मग म्हणाल्या, साहेबाला यातलं काही कळू देऊ नको, तुला माझी शपथ. ठेकेदाराला कळलं मी वर बोलले, तर इथल्या साजगाव पट्ट्यातल्या एकाही कंपनीत उभं करणार नाहीत. आता इ. सानांना खरं सांगायची हिंमत करून मी गेले होते, तर ही शपथ. मला त्यांचा रागच आला. मग रागाचा राग आला.

२६ जाने., सोम.
सुट्टी. बाबा विहारात गेलेत, संविधानाच्या वाचनाला. मला चल म्हणाले, मी डोकं दुखतंय म्हटलं.
दुपारी वं.ताईंचा फोन. ठेकेदाराचं बोलावणं आलं. उद्यापासून परत घेणार. अट एकच. सकाळच्या सभेत सगळ्यांसमोर सांगायचं, दोरी चुकून ओढली, पुन्हा असं होणार नाही. पाटील सर असतील, इ. सान असतील. म्हणजे जपानीत मी सांगायचं.
इ. सानांना त्या माफी का मागतायत हे कळणार नाही. किंवा नको तेवढं कळेल. आणि बाकीच्या बायकांना तर पक्कं कळेल. त्या दोरीवर कपडे वाळत घातले तरी चालतील मग.
मी म्हटलं, ताई, नका म्हणू. चुकून ओढलेली नाही तुम्ही.
"माल तर चांगलाच निगाला ना? मंग चुकलंच की," त्या म्हणाल्या. पलीकडे त्यांच्या मुलीचा पाठांतराचा आवाज येत होता, दहावीचं चाललंय तिचं.
"मी म्हणंन चुकून वडली. मला काम पायजे. तू त्या सायबाला त्याच्या भाषंत काय सांगायचं, ते तुजं तू बघ, बाय. मला काय कळणार हाय त्यातलं."
रागानं बोलल्या नाहीत. मलाच सोडवत होत्या का स्वतःला, अजून ठरवता येत नाही.
बाबा आले. डोकं कसं आहे विचारलं, बरं म्हटलं. उद्याची दोन वाक्यं जपानीत तयार करून ठेवलीत, एक त्या म्हणतील ते आणि एक झालं ते. मोठ्यानं म्हणून पाहिली. दोन्ही न अडखळता येतात मला.