जीवन गोल्ड फायनल

३ नोव्हेंबर, सोमवार

आसगावच्या मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं आणि नाटकाचं, काम मिळालं. एवढं मोठं काम आपल्याच दुकानाला! आमच्या कोंढ्यात फ्लेक्सचं दुसरं दुकान नाही हे एक कारण असेल, पण मुख्य कारण क्वालिटी. मंडळाचे अध्यक्ष आनंदराव स्वतः आले होते. गेटवरचा वीस फुटी बॅनर, नाटकातल्या बारा कलाकारांचा प्रत्येकी एक, पाहुण्यांचे पास आणि एक श्रद्धांजलीचा. तो भैय्यालालजींचा. चाळीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत काम केलं माणसानं, यंदा उन्हाळ्यात गेले. त्यांची बायको रुखमाबाई त्या फोटोला हार घालणार आणि मग पडदा उघडणार, असं ठरलंय. मंडई रविवारी, सोळाला.

भावनाला सांगितलं, तेरा दिवस म्हणजे भरपूर. भावना म्हणजे आमची सौ. काउंटर सांभाळते, गिऱ्हाइकांशी बोलते. डिझाईन हा तिचा विषय नाही. तरी म्हणाली, तुमी एका नावाले तेवीस मिनिटं लावता, मी मोबाईलवर टाईम लावून पायला.

तेवीस मिनिटं कलेला लागतात.

तोच दिवस, संध्याकाळी

विचार केला. तिचं म्हणणं चूक असलं तरी त्यातून एक बरोबर गोष्ट सुचली. प्रत्येक नावाला सोनेरी रंग, काळी किनार, मागे सावली, कडेनं चमक हे सगळं मी दर वेळी नव्यानं करतो. काहून? एकदाच करायचं आणि सगळीकडे वापरायचं. संकल्प: उद्यापासून एकच इफेक्ट. नाव ठरलं, 'जीवन गोल्ड'.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर 'जीवन गोल्ड' बनवला. बाकी काम शून्य, पण हे पायाभरणीचं काम आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

'जीवन गोल्ड २'. मग 'जीवन गोल्ड फायनल'. मग 'जीवन गोल्ड फायनल खरा'. सोनं असं झळकतं की स्क्रीनकडे पाहताना डोळे बारीक करावे लागतात. हेच तर पाहिजे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिल्या बॅनरवरचा इफेक्ट पाहून त्याच्या सगळ्या सेटिंग एका कागदावर उतरवून घेतल्या. आकडे एकतीस. मग दुसऱ्या बॅनरवर कागद पाहून भरल्या. वेळ लागला पंचवीस मिनिटं.

भावना मागे उभी होती. म्हणाली, अवो, त्या लेयरवर राईट क्लिक करून इफेक्ट कॉपी होते न? मंग नावाचे बाराही लेयर एकदम सिलेक्ट करून पेस्ट मारा. मी व्हिडिओत पायलं.

तिला शांतपणे समजावलं की व्हिडिओत दाखवतात तेवढं सोपं नसतं, प्रोफेशनल कामात खूप गोष्टी असतात. ती चहा ठेवायला आत गेल्यावर करून पाहिलं.

तेवढंच सोपं आहे.

बाराही नावं चार सेकंदांत सोन्याची झाली. तिला सांगितलं नाही. उगाच डोक्यात हवा जायची.

८ नोव्हेंबर, शनिवार

कामाचा वेग इतका वाढला की करायला काम उरलं नाही. चौकातल्या पानठेल्यावर चार लोकांना 'एकदा करा, शंभरदा वापरा' हे तत्त्व समजावलं. त्यातला चंद्रकुमार म्हणाला, आमच्या घरची भाजीपन तशीच चालू हाय. त्याला मुद्दा कळला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

पासांना सुरुवात केली. पास चार इंची. गेटच्या वीस फुटी बॅनरवरचा इफेक्ट कॉपी करून त्यावर पेस्ट केला. अक्षरं गायब. काळी किनारच एवढी जाड की तिनं आतलं नाव गिळून टाकलं. नाटकाच्या नायिकेचं, ललिताबाईंचं, नाव आहे तिथे इम्रतीसारखं काहीतरी दिसतं.

व्होल्टेजचा प्रॉब्लेम असावा.

१० नोव्हेंबर, दुपारी

व्होल्टेजचा प्रॉब्लेम नाही. भावना म्हणते, मोठ्या अक्षराचा इफेक्ट लहान अक्षरावर टाकला तर तो तेवढाच मोठा राहते, त्याले लहान करायचं ऑप्शन हाय, तिथंच राईट क्लिक करून. मी म्हटलं, ते पेड व्हर्जनमध्ये असतं. ती म्हणाली, बरं.

हे 'बरं' मला आवडलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दुकानात आलो तर पासांवर नावं स्वच्छ दिसत होती. सॉफ्टवेअर कधीकधी आपोआप दुरुस्त होतं, असं ऐकलं होतं. आज अनुभवलं. भावना गंभीर चेहऱ्यानं रबरबँड मोजत होती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

श्रद्धांजलीचा बॅनर उरला. रुखमाबाई स्वतः फोटो घेऊन आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. भैय्यालालजींचा मेकअप नसलेला हा एकच फोटो घरात आहे म्हणाल्या. बाकी सगळ्यांत ते राजा नाहीतर डाकू. म्हणाल्या, बाबू, स्टेजवर साऱ्या गावानं त्याइले पायलं, पन असे हे फक्त मीच पायलं. एक डाव लोकाइलेही दिसू दे.

मी म्हटलं, काकी, काळजी करू नका. असा बॅनर बनवतो की लोक पाहत राहतील.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बनवला! सात मिनिटांत. फोटो, नाव, तारखा, 'भावपूर्ण श्रद्धांजली', असे सगळे लेयर एकदम सिलेक्ट केले आणि 'जीवन गोल्ड फायनल खरा' पेस्ट. स्क्रीनवर फक्त नावाची वेलांटी मोठी करून पाहिली, काय झळाळी!

भावना म्हणाली, पूर्ण बॅनर एक डाव पाहून घेऊ का? मी म्हटलं, केलेलं काम पुन्हा पाहायचं नाही, हाच तर रीयूजचा अर्थ आहे. फाईल पेनड्राईव्हवर घेतली आणि दुपारच्या एसटीनं लाखांदूरला निघालो. तिथल्या मशीनवर प्रिंट टाकून, गुंडाळे घेऊन परत. मशीनवाला श्रद्धांजलीचा बॅनर गुंडाळताना म्हणाला, भाऊ, हे असंच पाहिजे का? मी म्हटलं, असंच. त्याला अशा क्वालिटीची सवय नसावी.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी

आसगावला निघतोय. पांढरा शर्ट घातला. कौतुक झालं तर दोन शब्द बोलावे लागतील.

१६ नोव्हेंबर, दुपारी १२

बॅनर लागले. गेटवरचा भारी दिसतो. कलाकारांचे बाराही भारी.

श्रद्धांजलीचा उलगडला. फोटोवरही इफेक्ट बसला होता. सोनेरी रंग पूर्ण चेहऱ्यावर. डोळे नाहीत, नाक नाही, मिशा नाहीत. माणसाच्या आकाराचा सोन्याचा पत्रा आणि कडेनं लाल चमक.

मी आनंदरावांना सांगत होतो की आजकाल शहरात असंच चालतं, चेहरा न दाखवता व्यक्तिमत्त्व दाखवतात. तेवढ्यात रुखमाबाई आल्या. हातात झेंडूचा हार. फार वेळ पाहत राहिल्या. मग मला विचारलं, बाबू, हा कोन होय?

रागानं नाही विचारलं. खरंच विचारलं.



१६ नोव्हेंबर, दुपारी १

भावनाला फोन केला. म्हटलं, थोडी तांत्रिक अडचण आहे. ती म्हणाली, फोटोवर सोनं चढलं न? तिला माहीत होतं! परवा मी लाखांदूरला गेलो असताना फाईल उघडून पाहिली म्हणे, आणि फोटोवरचा इफेक्ट काढून, अक्षरं साध्या पांढऱ्या रंगात करून दुसरी फाईल ठेवली. म्हटलं, मग काल सांगितलं काहून नाही? म्हणाली, सांगितलं जी. तुमी परत तेच म्हणाले, केलेलं काम पुन्हा पायत नाही.

स्कूटीनं लाखांदूरला निघाली. आनंदरावांनी चारचा कार्यक्रम पाचवर नेला. रुखमाबाई मंडपात खुर्चीवर बसल्या आहेत, हार मांडीवर. मी त्यांच्यासाठी पाणी आणलं. त्या नको म्हणाल्या. पाणी घेऊन तिथेच उभा राहिलो.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी

पाच वाजायला दहा कमी असताना भावना आली. केसांत सगळी धूळ. मी शिडीवर चढून बॅनर बांधला, तिनं खालून सरळ-वाकडं सांगितलं.

साधा बॅनर. काळी जमीन, पांढरी अक्षरं, एकही चमक नाही. मधे भैय्यालालजी, हसता हसता थांबल्यासारखे. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, अरे, हे असे दिसत होते का? रुखमाबाईंनी हार घातला. मग भावनाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आनंदरावांनी माईकवरून भावनाला स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ. 'आपल्या परिसरातील नामवंत डिझायनर' असं म्हणाले. टाळ्या पडल्या. मी शिडी धरून उभा होतो. शिडी सोडली असती तर पडली असती, म्हणून टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

हे खरं नाही. शिडी झाडाला टेकलेली होती. पण नंतर वाजवल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नवा संकल्प: यापुढे मी मॅनेजमेंट बघणार. डिझाईनसारखं बारीक काम भावना करेल. दुकानाची दिशा ठरवणं हे माझं खरं काम, आजवर मी ते उगाच बाजूला ठेवलं होतं.

सकाळपासून तीन फोन आले. तिघांनीही एकच विचारलं, मॅडम आहेत का?

मी म्हटलं, आहेत. देतो.