खुर्च्यांची वही

प्रिय भुणभुण,

तुझं पत्र सोमवारी दुपारी मिळालं. पोस्टमनने फाटकातूनच हाक मारली, "लेकीचं आलंय हो!" तुझं अक्षर आता तोही ओळखतो. मला चष्मा सापडेना, म्हणून तुझ्या बाबांनी मोठ्याने वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर ते थांबले आणि कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, हे तूच वाच. चष्मा माझ्या डोक्यावरच होता.

तुमच्या रुग्णालयाला पन्नास वर्षं होताहेत, मोठा समारंभ आहे, आणि सुरुवातीची प्रार्थना तू एकटीने म्हणावीस असं मेट्रनबाईंनी सांगितलं आहे. पेशंटच्या चादरी बदलताना तू गुणगुणतेस, ते त्यांनी म्हणे दाराआडून ऐकलं. हे वाचून मला किती बरं वाटलं काय सांगू. बाबांनी तुझं नाव भुणभुण ठेवलं ते उगाच नाही. पाळण्यात होतीस तेव्हापासून तुझं काही ना काही चालूच असायचं. पण खाली तू लिहिलंस की शनिवारी मेट्रनबाईंना नाही म्हणून सांगणार आहेस. 'मी गायला उभी राहिले की लोक हसतात आई, आणि हा कार्यक्रम तर त्याच सभागृहात आहे. तुला ठाऊक आहे.' मला ठाऊक आहे. या तीन शब्दांनी चार दिवस मला धड जेवू दिलेलं नाही. फोन करणार होते. पण फोनवर तू 'जाऊ दे गं' म्हणतेस आणि मीही जाऊ देते, हे आपलं दोघींचं जुनंच आहे. म्हणून लिहायला बसले. पोस्टावर भरवसा नको, उद्या सकाळच्या गाडीने बाबा स्वतः घेऊन येतील. त्यांना जेवायला वाढ, आणि ते समोर बसलेले असताना हे वाचू नकोस.

आधी एक कबुली. तू परिचारिका झालीस, त्या शपथविधीला मी आले नाही. माझा नेम होता असं सांगितलं. तुझ्या मैत्रिणीचं लग्न मोठ्या हॉटेलात होतं, तेव्हा गुडघा दुखत होता. तुला बक्षीस मिळालं तेव्हा काय सांगितलं ते आता मलाही आठवत नाही. दर वेळी बाबा एकटे आले आणि परत येऊन सगळं मला साभिनय करून दाखवलं. एकदा तू चिडून म्हणालीस, तुला तुझ्या देवापुढे लेकीचं काही दिसतच नाही. मी ऐकून घेतलं. देवाच्या अंगावर ढकलून मोकळी झाले म्हण ना. खरं कारण देव नव्हता, गुडघाही नव्हता. कारण होतं खुर्ची.

हसू नकोस. किंवा हस, आता हरकत नाही. माझ्याकडे एक वही आहे. घरखर्चाच्या वह्या तू पाहिल्यास, ही नाही. शिवणाच्या डब्यात रिळांच्या खाली असते. त्यात मी खुर्च्या लिहून ठेवते. मॅट्रिक झालेल्या बाईला आणखी काय येणार, जे समोर येईल ते लिहून ठेवायचं. मला बसायला अडीच वीत जागा लागते. बहुतेक ठिकाणच्या हाताच्या खुर्च्या दोन वीत भरतात, काही कंजूष तर दोनलाही चार बोटं कमी. टेप घेऊन मोजता येत नाही, लोक बघतात. म्हणून आधी एकदा जाऊन यायचं, धूळ झटकल्यासारखं करायचं आणि हाताने वीत टाकायची. बँकेत लांब बाक आहे, हात नाहीत, शेरा 'उत्तम'. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीचा उजवा हात उचलतो, पण तो त्यांच्या मदतनीस बाईंनाच ठाऊक, आधी सांगावं लागतं. नगरपालिकेत प्लास्टिकच्या खुर्च्या, एकात एक दोन घालून बसलं तर पाय फाकत नाहीत. रक्तदाब मोजायचा पट्टा आपल्या दवाखान्यात माझ्या दंडाला पुरत नाही. ती पोरगी दर वेळी म्हणते, काकू हात सैल सोडा, जसं काही मी हात आवळून धरल्यामुळे तो जाड झालाय! देवाच्या दारात मात्र सतरंजी. तिथे कुणी कुणाला मापत नाही. मी इतकी देवभोळी कशी झाले असं तू विचारायचीस ना, त्यातला निम्मा वाटा सतरंजीचा आहे.

तर बुधवारी मी तुझ्या गावाला येऊन गेले. तुला न सांगता. तुझी दिवसपाळी होती ते बरं. नऊच्या बसमध्ये दाराजवळचं दोघांचं बाकडं रिकामं असतं, हेही वहीतलंच. बसमधून उतरून सरळ सभागृहात गेले. बाहेरून तेच आहे, तीच रुंद पायरी, तेच खांब. आतून मात्र सगळं नवं केलंय, जुन्या लोखंडी खुर्च्या गेल्या, निळ्या गाद्यांच्या आल्या. कुणी नव्हतं. मी आठव्या रांगेत वाकून वीत टाकली. दोन भरली, पुढे हात. तेवढ्यात मागून आवाज आला, "काकू, काही हरवलं का?" सभागृहाच्या व्यवस्थापक बाई. तुझ्याच वयाच्या असतील, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी घाबरून म्हणाले, "हो, कानातलं." बिचारी लगेच गुडघ्यांवर बसली, हातात टॉर्च, आणि एकेका खुर्चीखाली शोधायला लागली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझी दोन्ही कानातली कानातच. शेवटी तिने मान वर केली, माझ्या एका कानाकडे बघितलं, मग दुसऱ्या, आणि टॉर्च बंद केला. मला इतकी शरम वाटली की तोंडातून खरं तेच निघालं. म्हटलं, "बाई, मी या खुर्चीत मावते का ते बघायला आलेय."

ती उठली, हात झटकले आणि म्हणाली, "मग असं सांगायचं ना!" रांगेच्या टोकाच्या खुर्चीपाशी मला नेलं, बसायच्या भागाखाली हात घालून एक खिट्टी ओढली आणि खुर्चीचा आतल्या बाजूचा हात पाठीमागे उभा राहिला. दोन खुर्च्यांची मिळून एक झाली. म्हणाली, दुसरी, पाचवी, आठवी, अशी दर तिसऱ्या रांगेच्या टोकाला ही जोडी आहे, आणि तिकीट एकाच खुर्चीचं. मी बसले. अगं, मला हात कुठे ठेवायचे तेच कळेना. अशा ठिकाणी माझे हात नेहमी पोटावर घट्ट बांधलेले असतात, कमी जागा लागावी म्हणून. सुटे सोडायची सवयच नाही. मी विचारलं, एवढी सोय केलीत तर पाटी का नाही लावली? ती म्हणाली, समितीतले लोक म्हणतात, जाड माणसांना पाटी वाचून लाज वाटेल. मी म्हटलं, "त्यांना सांगा, लाज पाटी वाचून नाही वाटत, खुर्चीत अडकल्यावर वाटते." तिने ते लगेच हातावर पेनने लिहून घेतलं. आता तिकीट खिडकीवरच सगळ्यांना विचारायचं ठरवतेय, बसायच्या जागेबद्दल काही सांगायचंय का म्हणून. गुडघेवाल्यांना, काठीवाल्यांना, आमच्यासारख्यांनाही. सगळ्यांना एकच प्रश्न, मग कुणी वेगळं पडत नाही.

मग तिने चहा मागवला आणि सहज सांगितलं. तिचे वडील माझ्यासारखेच होते, अंगाने दांडगे. तिच्या लहानपणी ते तिला नाटकाला आणायचे, खुर्चीवर बसवायचे आणि स्वतः मागे दाराशी उभे राहायचे. म्हणायचे, बसलं की मला झोप येते. "मला वाटायचं, बाबांना नाटकाचा कंटाळा आहे, माझ्यासाठी येतात बिचारे," ती म्हणाली. ते गेल्यावर तिला आईकडून कळलं. खुर्च्या बदलायचं निघालं तेव्हा ती या खिट्ट्यांसाठी समितीशी आठ महिने भांडली. चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. ते गेल्यावर कळलं. तुलाही काही गोष्टी मी गेल्यावर कळणार होत्या का? कुणाकडून? मला सोडून ते ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, तुझ्या गाण्याच्या बाई, आणि त्या मागच्या वर्षी गेल्या. देवाला मी रोज सांगते. पण देव तुला पत्र लिहिणार नाही.

तर आता लिहिते. तू नऊ वर्षांची होतीस. त्या सभागृहात स्पर्धा होती, तू, मी आणि गाण्याच्या बाई, तिघीच आलो होतो. बाबांना छापखान्यातून सुट्टी नव्हती. पांढरा फ्रॉक, दोन वेण्या. पहिलं कडवं तू असं म्हणालीस की माझ्या शेजारचे काठीवाले आजोबा म्हणाले, वा! दुसऱ्या कडव्यात तुझी एक ओळ मागेपुढे झाली आणि त्याच क्षणी सगळं सभागृह खदखदून हसलं. तू आत पळालीस. एवढंच तुला ठाऊक आहे. दिवे तुझ्या डोळ्यांवर होते, खालचं तुला दिसलं नव्हतं. खाली काय झालं ते ऐक. माझ्या पुढे उंच माणूस बसला होता, तू मला नीट दिसत नव्हतीस, म्हणून मी उठायला गेले. मी त्या लोखंडी खुर्चीत घट्ट रुतले होते. चार खुर्च्या एकाच पट्टीवर ठोकलेल्या, आणि जमिनीतले खिळे सुटलेले. मी उठले तशी ती अख्खी रांग माझ्याबरोबर उठली. काठीवाले आजोबा अधांतरी, आणि ओरडले, "अहो बाई, मला कुठे नेताय?" त्यावर हसले गं लोक. तुझी ओळ चुकली हे कुणाच्या कानावरही गेलं नव्हतं. मला सुतार बोलावून सोडवलं. बाहेर आले तर तू पायरीवर बसून बाईंच्या पदरात तोंड खुपसून रडत होतीस. मला बघून विचारलंस, "मी चुकले म्हणून हसले ना?" आणि मी, तुझी आई, म्हणाले, "हो बाळा, होतं असं." बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं. माझी लाज झाकायला मी तुझं गाणं घेतलं. त्यानंतर तू घरात भुणभुणलीस, पण उभी राहून कधी गायली नाहीस, आणि मी दर वर्षी मनाशी म्हणत राहिले, विसरेल. काल रात्रीच्या जेवणाला बाबांना हे सांगितलं. ते बराच वेळ भात चिवडत बसले. मग म्हणाले, "एवढं पोटात ठेवून फिरत होतीस, मग खुर्चीत कशी मावशील?" आणि डोळे पुसले. तू मला माफ कर म्हणून हे लिहीत नाही, ते तुझं तू ठरव, सावकाश. लिहितेय ते शनिवारसाठी. मेट्रनबाईंना काय सांगायचं ते सांग, पण ते लोक हसतात म्हणून सांगू नकोस. तुझ्या गाण्यावर आजवर कुणीही हसलेलं नाही. व्यवस्थापक बाईंनी माझ्या नावाने जागा लिहून ठेवली आहे. तू गाणार नसलीस तरी मी येऊन बसणार आहे, हात सुटे सोडून. आणि गायलीस, नि दुसऱ्या कडव्यात ओळ चुकलीच, तर माझ्याकडे बघ. या वेळी मी तुला दिसेन अशा जागी आहे.

तुझीच,
आठव्या रांगेच्या टोकाची,
आई